पांढऱ्या फेसाची माणसं

रोग आहे हे कुणीही डॉक्टर सांगतो. रोग नाही, हे ऐकावं तर डॉक्टर मानसिंग गरडांच्या तोंडून, असं गिरणीतली माणसं म्हणायची. ते डॉक्टरांच्या कानावर गेलं, की डॉक्टर ‘हॅ, काहीतरीच’ म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचे आणि पुढचे दोन दिवस कंपाउंडर बिरप्पावर ओरडायचे नाहीत.

सोलापुरातल्या त्या गिरणीचा दवाखाना गेटाच्या आतच होता. कडुनिंबाखाली दोन कौलारू खोल्या, बाहेर एक बाक, आत एक टेबल आणि कोपऱ्यात माठ. माठावर पितळी पेला पालथा घातलेला. बाकावर बसलेलं प्रत्येक माणूस खोकायचं. त्यात नवल काही नव्हतं. सूत आणि धूळ ज्यांच्या छातीत रोज जाते त्यांनी खोकायचं नाही तर कुणी? पण खोकला लांबला, संध्याकाळी अंग तापू लागलं, की घरात कुजबुज सुरू व्हायची. त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. आधी ताट वेगळं व्हायचं, मग चटई दाराशी जायची, मग लेकरं लांब. बाई असली तर तिला माहेरी धाडायचे आणि माहेरचे परत पाठवायचे. रोगानं मरायच्या आधी ती बाई वेगळ्या ताटानं मरायची.

हे बघून बघून डॉक्टरांचं मन कावलं होतं. ते स्वतः टेंभुर्णीचे. त्यांची थोरली बहीण अशीच गोठ्याशेजारच्या खोलीत वर्षभर पडून गेली, आणि तिला तो रोग होता की नव्हता हे शेवटपर्यंत कुणी बघितलंच नाही. म्हणून एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्यांना ती लघवीची चाचणी सापडली, तेव्हा त्यांनी ती सोडली नाही. त्यातली औषधं बदलून, प्रमाणं कमीजास्त करून त्यांनी आपली अशी एक रीत बसवली. बाटलीत लघवी घ्यायची, दोन औषधांचे थेंब टाकायचे, वर नाकात झोंबणारा अमोनिया, आणि बाटली खळखळून हलवायची. फेस गुलाबी आला तर छातीत क्षय आहे. पांढरा आला तर नाही. छातीचा फोटो नको, बेडका नको, सुया नकोत.

फेस गुलाबी आला की डॉक्टर फार बोलत नसत. चिठ्ठी देऊन माणसाला मोठ्या इस्पितळात फोटोला धाडत. पण पांढरा आला, की ते घरच्या सगळ्यांना आत बोलवायचे. बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे. फेस सगळ्यांना नीट दिसू द्यायचे. मग स्वतःच्या हातानं माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्या माणसाला द्यायचे.

“ह्यातलं अर्धं पी,” ते म्हणायचे, आणि घरच्यांकडं वळायचे. “आता ऱ्हायलेलं उष्टं, ज्याला ह्याची लई भीती वाटतीया त्यानं प्यायचं. हितं, माझ्यासमोर. आन् आज रातच्याला एका ताटात जेवायचं.”

सासवा प्यायच्या, नवरे प्यायचे. कुणी रडायचं. त्या एका पेल्यानं किती चटया दारातून परत आत गेल्या असतील ते देव जाणे. डॉक्टरांना पगारापेक्षा या पेल्याचं सुख मोठं वाटायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दुष्काळ सरला त्या वर्षी डॉक्टरांनी या चाचणीवर निबंध लिहिला. पुण्याच्या डॉक्टरांच्या मेळाव्यात तो वाचला. ‘या चाचणीतून एकही रोगी निसटला नाही’ या वाक्याला टाळ्या पडल्या. सोलापुरात आल्यावर हार झाले, आणि जिल्ह्याच्या क्षयनिवारण समितीनं ठरवलं, की बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत प्रत्येक गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात हीच बाटली चालू करायची. स्वस्त, सोपी, आणि आपल्या मातीतली. ‘गरड चाचणी’ असं नावही कुणीतरी सुचवलं. डॉक्टर निवृत्तीला आले होते. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं आपलं नाव एका बाटलीवर राहील, या विचारानं त्यांना झोपेतही बरं वाटायचं.

फक्त एक सोपस्कार उरला होता. निबंध कितपत भरवशाचा आहे ते कुणीतरी तपासून लिहून द्यायचं होतं. समितीनं ते काम वैद्यकीय कॉलेजातल्या डॉक्टर विजयमाला साखरे यांच्याकडं दिलं.

विजयमाला तिशीतली बाई. कॉलेजात ती रोगांचा नव्हे, रोगांवरच्या अभ्यासांचा अभ्यास शिकवायची. डॉक्टरांना हे लग्नाच्या जेवणाला जाऊन पत्रावळी मोजल्यासारखं वाटे. तरी ती दवाखान्यात आली तेव्हा त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

“सर, निबंध मन लावून वाचला,” ती म्हणाली. “थोडं विचारायचं होतं. ज्यांना रोग आहे अशी पहिली माणसं तुम्ही कुठून घेतलीत?”

“क्षयाच्या वॉर्डातून. पक्के रोगी. हाडं मोजून घ्या.”

“आणि निरोगी?”

“तालमीतून,” डॉक्टर अभिमानानं म्हणाले. “पैलवान. एकाला पडसं असेल तर शपथ.”

विजयमालानं मान खाली घातली. हसू आवरायला वेळ लागला असावा. “सर, ही दोन माणसं वेगळी ओळखायला बाटली कशाला? अंधारात नुसता हात फिरवला तरी कळेल. अडचण मधल्यांची असते. ज्यांना नुकता खोकला लागलाय, जे अजून कामावर येतात, त्यांची.”

“म्हणून तर पुढं गिरणीतले खोकलेवाले घेतले ना. वाचलंत की नाही?”

“वाचलं. त्यांची बाटली हलवताना ते समोर असायचे?”

“बाटली काय एकटी चालत येते?”

“म्हणजे फेस बघायच्या आधी तुम्ही त्यांचा चेहरा बघितलेला असायचा. मन आधीच एकीकडं झुकलेलं असणार. आपलाच पेपर आपण तपासल्यासारखं होतं ते, सर. आणि धड गुलाबी नाही, धड पांढरा नाही, असा फेस यायचा का कधी?”

“यायचा. त्या बाटल्या हा बिरप्पा नीट धूत नसे. त्या सोडून दिल्या.”

बिरप्पा दारात उभा होता. त्यानं कपाळाला आठी घातली.

विजयमालानं कप खाली ठेवला. “आता शेवटचं. ज्यांचा फेस गुलाबी आला त्या सगळ्यांचा छातीचा फोटो निघाला. ज्यांचा पांढरा आला त्यांचा?”

“त्यांचा कशाला?” डॉक्टरांचा आवाज चढला. “अहो बाई, त्या फोटोच्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय असतं ठाऊक आहे? गल्लीतल्या एकानं बघितलं, की त्या घरातल्या पोरीचं लग्न मोडतं. ज्याला रोगच नाही त्याला मी त्या रांगेत उभा करू? ती रांग चुकवायची म्हणून तर हा खटाटोप.”

“पण त्याला रोग नाही, हे बाटलीनंच सांगितलं ना?” विजयमाला हळू बोलत होती. “बाटली खरी का खोटी ते बघायला आपण निघालो, आणि पांढऱ्याच्या बाबतीत बाटलीचाच शब्द धरून बसलो. ‘एकही रोगी निसटला नाही’ असं आपण लिहिलं, सर. पण जे सोडले त्यांच्याकडं परत कुणी बघितलंच नाही.”

डॉक्टरांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी गोष्ट सांगितली, कारण ती त्यांची हुकमाची गोष्ट होती, पुण्यातही सांगितलेली.

विजापूर वेशीत राहणारा हुसेनसाब त्यांच्या गिरणीत मागावर होता. त्याची बायको गुलबानो खोकू लागली. त्या बाईनं कुणी सांगायच्या आधी स्वतःच ताट वेगळं केलं, उंबऱ्याबाहेर चटई टाकली. जैबून नावाची तान्हेपण नुकतं सरलेली पोर होती, तिला ती जवळ येऊ देईना. पोर अम्मी अम्मी करून चटईकडं धावायची, आणि ही तिला काठीनं, खरोखरच्या काठीनं, लांब ठेवायची. शेवटी हुसेनसाबनं तिला दवाखान्यात आणलं. फेस आला पांढराशुभ्र. डॉक्टरांनी पेला भरला. गुलबानो अर्धं प्याली. सासू अमिनाबी पुढं होईना. “मैं नै पीती,” म्हणाली. मग डॉक्टरांनी पेला त्या पोरीच्या हातात दिला. पोरीनं तो एका दमात रिकामा केला, आईच्या मांडीवर चढली, आणि आईनं तिच्या केसांत जे तोंड खुपसलं ते काढीना.

“हा बिरप्पा रडला त्या दिवशी,” डॉक्टर म्हणाले. “विचारा त्याला. तुमच्या कागदात आहे का याला कुठं जागा?”

विजयमालाच्या डोळ्यांतही पाणी आलं होतं. तिनं ते लपवलं नाही. “मला त्या गुलबानोला भेटायला आवडेल,” ती म्हणाली.

“तुम्ही कशाला? मी स्वतः जातो. सगळ्यांकडं जातो. आणि येऊन सांगतो तुम्हाला, एकेक कसा ठणठणीत आहे ते.”

ती गेल्यावर डॉक्टर बराच वेळ धुसफुसत होते. कालची पोर आणि आपल्याला शिकवते, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर तिचा शेवटचा प्रश्न दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा जिभेला टोचत होता. पुढच्या सुट्टीला त्यांनी बिरप्पाला बरोबर घेतलं आणि टांगा केला.

आधी कोंडीबा. खोकल्यापायी खात्यातून काढायची वेळ आलेला हा गडी आता चौकात भज्यांची गाडी लावून बसला होता आणि पोट गाडीच्या पुढं आलं होतं. डॉक्टरांना बघून त्यानं कढईतली मिरची भजी कागदात घातली आणि खाल्ल्याशिवाय जाऊ देईना. मग बजाबाई. ती दारात मागाच्या सुताच्या कांड्या भरत होती, आणि डॉक्टरांशी बोलता बोलता सुनेला असं काही खणखणीत बोलली, की छाती तपासायची गरज उरली नाही. आणखी दोघे तसेच. टांग्यात बसताना डॉक्टर शीळ घालत होते. विजयमालाला काय काय ऐकवायचं त्याची वाक्यं मनात जुळत होती, आणि प्रत्येक घरानंतर त्यातलं एक वाक्य जास्त बोचरं होत होतं.

शरणप्पाच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, “त्ये गावाकडं गेलं आन् तितंच वारलं की. छातीनं गेलं म्हन्त्यात.”

डॉक्टर थबकले. बिरप्पा म्हणाला, “दारू लई हुती सायेब त्याला.”

“व्हय, दारू हुती,” बाईनंही लगेच होकार भरला.

“दारूच,” डॉक्टर म्हणाले आणि टांग्यात चढले. आपल्याला जे ऐकायचं असतं ते सांगणारा शेजार माणसाला कुठंही मिळतो. पण शीळ काही परत आली नाही.

विजापूर वेशीतल्या गल्लीत टांगा शिरेना, म्हणून ते चालत गेले. अमिनाबी दारात तांदूळ निवडत होती. तिनं आधी ओळखलं नाही, मग धडपडत उठली. “डॉक्टरसाब? हमारे घर कू?” तिनं खाटेवर चादर टाकली, सुनेला हाक मारली. हुसेनसाब बाहेर गेला होता.

गुलबानो आतून आली. तोंडावर पदर धरलेला, आणि पदराच्या वर दिसणारे डोळे मोठे झालेले. डॉक्टरांनी बघायचं नाही म्हटलं तरी त्यांची नजर फळीवर गेली. तिथं सगळी भांडी एका ओळीत होती, आणि एक जर्मनचं ताट, एक वाटी, पार दुसऱ्या टोकाला.

“काय अमिनाबी,” डॉक्टर हसत म्हणाले, कारण हसल्याशिवाय त्यांना विचारवेना, “सुनेचं ताट परत येगळं काढलंस? मी काय सांगितलं हुतं?”

“मैं नै साब,” म्हातारी म्हणाली. “मैं तो नक्को बोली. येच निकाली. बच्ची गयी तबसे.”

“कुठली बच्ची?”

अमिनाबीनं त्यांच्याकडं नवलानं बघितलं. “जैबून, साब. तुमकू मालूम नै क्या?”

मग तिनं सांगितलं. उरुसाच्या आधी पोरीला बारीक ताप यायला लागला. खेळेना, खाईना, नुसती आईला चिकटून पडून राही. मग ओकाऱ्या. मग मान लाकडासारखी ताठ झाली, डोळे तिरपे झाले. इस्पितळात नेली तेव्हा पोर शुद्धीत नव्हती. मेंदूचा ताप म्हणाले. चार लोकांनी सांगितलं, नजर लागली.

डॉक्टरांना पुढचं ऐकायची गरज नव्हती. आईच्या छातीतला क्षय लहान पोराच्या मेंदूत जातो तेव्हा तो असाच जातो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि डोळ्यांनी बघितलं होतं. उष्ट्या पाण्यातून हा रोग जात नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. तो जातो श्वासातून, कुशीतून, एका चटईवर रात्र रात्र तोंडाशी तोंड घालून झोपल्यातून. पेला निर्दोष होता. पण पेल्यानंतरची कूस त्यांनीच उघडून दिली होती.

“एक बात अच्छी हुई साब,” अमिनाबी डोळे पुसत म्हणाली. “तुमच्या मेहेरबानीनं पोर आईपासून तुटली नाही. आखरी तक अम्मी के गले में हाथ डालको सोयी. नै तो वो चटई, वो काठी… अल्ला तुमकू भोत देगा.”

डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. असा आशीर्वाद खाल्ला नव्हता.

ते गुलबानोकडं वळले. “सांच्याला अंग तापतंय?”

तिनं मानेनंच हो म्हटलं.

“कवापासनं?”

“गयाच नै था, साब,” ती हळूच म्हणाली. “आपके दवाखानेसे आयी, दोन-चार दिन बरं वाटलं. मग पुन्हा तसंच.”

“मग आली का न्हाईस परत?”

गुलबानोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आप कितनी मोहब्बत से बोले थे, कुछ नै है बोलको. सगळ्यांसमोर. मी परत आले असते तर आपकी बात झूठी पडती. घरवाले बोले, इतना बडा डॉक्टर बोला, तेरा वहम है. मी पण तेच म्हटलं. वहमच असेल.”

बिरप्पा बाहेर जाऊन उभा राहिला. अमिनाबीनं डॉक्टरांना पाणी आणलं, तेही पेल्यातच. त्यांनी ते घेतलं आणि त्यांना एक घोटही उतरेना. जैबून कशानं गेली ते आपण आत्ता सांगायला हवं, असं त्यांना वाटत होतं. वाटत राहिलं. शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं, की उद्या फोटोला जायचं, टांगा मी पाठवतो, आणि रांगेत मी स्वतः उभा राहतो.

ते उभे राहिले. गिरणीचा डॉक्टर फोटोच्या रांगेत एका बाईशेजारी उभा आहे हे बघायला माणसं थांबत होती. फोटो ओलाच होता तेव्हा विजयमालानं तो खिडकीच्या उजेडात धरला, डॉक्टर बाटली धरायचे अगदी तसाच. उजव्या बाजूला वर एक पोकळी होती, तिच्याभोवती जाड पांढरी कड.

“हे आत्ताचं नाही, सर,” ती म्हणाली. म्हणजे फेस पांढरा आला तेव्हाही रोग तिथंच होता. तिनं जिंकल्यासारखं तोंड केलं असतं तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं, पण त्या बाईला स्वतःलाच रडू येत होतं.

समितीची बैठक सात रस्त्याजवळच्या कचेरीत होती. विजयमालाचा अहवाल वाचायच्या आधी डॉक्टर उठले आणि म्हणाले, की ही चाचणी कुठंही लावू नका, गिरणीतही मी ती बंद केली आहे. सभासदांना वाटलं, म्हातारा विनय करतोय. अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मोठेपणा पुरे. पुण्यानं टाळ्या वाजवल्या त्या काय उगाच?” स्वस्त वस्तूवर सगळ्यांचाच जीव असतो. जी चाचणी खरी आहे हे सांगायला डॉक्टरांना पुण्यात दहा मिनिटं पुरली होती, ती खोटी आहे हे पटवायला सोलापुरात त्यांची अख्खी दुपार गेली.

“ह्या बाटलीला कोण सापडतं, सांगतो,” शेवटी ते म्हणाले. “जो मरायला टेकलाय तो. त्याला बाटली लागत नाही, तो डोळ्यांनीच दिसतो. जो वाचण्यासारखा असतो त्याला ही पांढरा फेस दाखवून घरी पाठवते. मी पैलवान आणि मढी शेजारी बसवून फरक मोजला, आणि मधल्या माणसांना ‘तुम्ही बरे’ म्हणून सांगितलं. ते परत आले नाहीत, म्हणून मला वाटलं बरे आहेत.”

समितीनं ठराव मागं घेतला. विजयमाला खाली बघत होती.

त्यानंतर पांढऱ्या फेसाची माणसं शोधायचं काम डॉक्टरांनी आणि तिनं मिळून केलं. सगळी सापडली नाहीत. बदली कामगारांचा काय पत्ता असतो? कुणी भिवंडीला मागावर गेलेला, कुणी गावाकडं, कुणाच्या दाराला शरणप्पासारखं कुलूप. जे सापडले त्यांतले बहुतेक खरंच धड होते. काही नव्हते. ते काही आता डॉक्टरांना नावानिशी पाठ झाले होते, आणि न सापडलेल्यांचे चेहरे तर त्याहून पाठ. रात्रीच्या जेवणाला बसले, की एखादा चेहरा समोर येई, अर्धा पेला पिऊन हसणारा, आणि हातातला घास तसाच राही.

पेल्याचा सोहळा बंद झाला. पेला माठावर पालथा असायचा, ज्याला तहान लागेल तो प्यायचा. आता खोकणारा प्रत्येक जण फोटोला जायचा, आणि डॉक्टर त्याच्याबरोबर रांगेत उभे राहायचे. त्यांच्यामुळं हळूहळू त्या रांगेची लाज थोडी कमी झाली, असं लोक म्हणायचे. डॉक्टर त्यावर मिशीतल्या मिशीत हसत नसत. हे आधीच करता आलं असतं, एवढंच त्यांच्या मनात यायचं. अवघड नव्हतंच ते. नुसतं उभं राहायचं होतं.

गुलबानोला इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या. वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले. एका सकाळी डॉक्टर दवाखान्यात एकटेच होते, निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, आणि ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा भरला होता. पदर तोंडावर नव्हता. ते डॉक्टरांना आधी दिसलं.

“विजयमालाबाई बोली, छाती साफ है,” ती म्हणाली. “सबसे पहले आपकू बताने आयी.”

डॉक्टरांना खूप बोलायचं होतं. ते “बस” म्हणाले. ती बसली नाही. तिनं कोपऱ्यातला पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि तिथंच उभ्यानं अर्धं प्याली. मग सवयीनं आजूबाजूला बघितलं. उरलेलं प्यायला कुणी नव्हतं.

“साब,” पेला हातात धरूनच ती म्हणाली, “एक बात पूछूं? जैबूनकू जो हुआ, वो मेरे छातीका था ना?”

नाही म्हणता आलं असतं. मेंदूचा ताप होता, नजर लागली, अल्लाची मर्जी, काहीही म्हणता आलं असतं, आणि ती मानली असती, कारण तिनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. डॉक्टरांना हेच नको होतं.

“व्हय,” ते म्हणाले. “पण त्ये तू दिलं न्हाईस तिला. तू तर काठी घिऊन बसली हुतीस. जवळ घे म्हणून मी सांगितलं. मी न बघता सांगितलं, गुलबानो. मला तवाच फोटो काढायला पायजे हुता.”

त्यांनी हात पुढं केला. तो पेला आपल्याला द्यावा, उरलेलं आपण प्यावं, असं त्यांना फार वाटत होतं; गेलं वर्षभर कुठंतरी तेच वाटत होतं.

गुलबानोनं त्या हाताकडं बघितलं, मग पेल्यातल्या पाण्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती दारापर्यंत गेली आणि पाणी कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं. परत येऊन पेला माठातल्या पाण्यानं विसळला, पदरानं पुसला, माठावर होता तसा पालथा घातला. मग डॉक्टरांना सलाम करून ती गेटाकडं निघाली. डॉक्टरांचा हात अजून पुढंच होता.